विषय खाणीतून उचला

नाशिकमध्ये खाणकामावर बोलायला उभं राहिलं की ऐकणारे मनाने थेट चंद्रपूरला पोचतात. खाण म्हणजे कोळसा आणि कोळसा म्हणजे विदर्भ. त्यात चूक काही नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपूरला आहे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचंही तिथेच आणि भारतीय खाण ब्युरोचंही. इथली जी थोडी मुलंमुली खाण अभियांत्रिकी शिकायला नाशिकरोडहून सेवाग्राम एक्स्प्रेस धरतात किंवा त्याहून लांब धनबादला जातात, त्यांच्या उन्हाळी ट्रेनिंगबद्दल आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल मला आज बोलायचं आहे. त्याआधी एक सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या खडीच्या खाणी, ज्यांना आपण नुसतं ‘क्रशर’ म्हणून सोडून देतो, त्याही खाणीच आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने बांधकामाच्या दगडाच्या उघड्या खाणीला सूट दिली ती तीन अटींवर: खोली ६ मीटरच्या आत, माणसं ५० च्या आत आणि स्फोटकं अजिबात नकोत. आपला बेसाल्ट सुरुंगाशिवाय निघत नाही. म्हणजे सूट संपली.

आता ट्रेनिंगचं आज काय होतं ते बघा. कॉलेजचं पत्र जातं, एरिया ऑफिसची परवानगी येते, व्हीटीसीमध्ये, म्हणजे खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात, सुरुवातीचे दिवस जातात, मग टोपी, बूट, कॅप लॅम्प मिळतो. आठवडाभरात सगळी खाण ‘बघून’ होते. नंतर कुणीतरी मागच्या बॅचचा रिपोर्ट हातात ठेवतं. त्यातला नकाशा तोच, पंपांची यादी तीच. वर्ष बदललं की रिपोर्ट बाइंडिंगला. मुलं आळशी असतात म्हणून हे होतं, असं मी मानत नाही. चार आठवडे माणूस खाणीत असतो, पण त्याला शोधायला एकही प्रश्न दिलेला नसतो, म्हणून होतं. प्रश्न नसला की डोळ्यांना यंत्रं दिसतात, खाण दिसत नाही.

भूमिगत कोळसा खाणीत गेलात तर सरदाराच्या, म्हणजे आपल्या भागाची सुरक्षा तपासणाऱ्या माणसाच्या, मागे राहा. मॅनेजरच्या खोलीत कमी बसा. सरदार काठीने छत ठोकतो. खणखणीत आवाज आला तर पुढे जातो, बद्द आला तर थांबतो आणि टेकू मागवतो. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की स्फोट होऊ शकतो हे तुम्ही परीक्षेत लिहिलेलंच असतं. तो सव्वा टक्क्यावर गेला की वीज तोडायची आणि माणसं मागे घ्यायची, हा निर्णय प्रत्यक्षात कसा घेतला जातो ते सरदाराच्या आणि त्याच्या वरच्या पर्यवेक्षकाच्या, ओव्हरमनच्या, बाजूला उभं राहूनच कळतं.

तिथला चांगला विषय कुठला? जिथे छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे पिलर काढायचं काम चालू आहे, तिथे छत आणि जमीन यांतलं अंतर रोज किती मिलिमीटरने कमी होतं ते मोजा. त्याच जागी, त्याच शिफ्टला, महिनाभर. काम साधं आहे, कंटाळवाणं आहे आणि त्या खाणीच्या मॅनेजरला हवं असलेलं आहे. आकडा रोज थोडाथोडा सरकतो आणि एके दिवशी उडी मारतो. ती उडी कशामुळे आली, आदल्या दिवशी पिलरचा कुठला तुकडा काढला होता, कुठला टेकू हलवला होता, हे शोधणं म्हणजे संशोधन. ज्यांची खाण उघडी आहे त्यांनी डंपरच्या रस्त्याचा चढ मोजावा. नियमाने तो साधारण १६ ला १ च्या आत हवा. पण कुठल्या वळणावर तो जास्त झालाय आणि तिथे डिझेल किती जळतं, हे बहुतेक ठिकाणी कुणी मोजलेलं नसतं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथल्या प्रश्नाबद्दल. खडीच्या खाणीजवळ राहणाऱ्या माणसाची तक्रार ठरलेली: बार उडाला आणि घराच्या भिंतीला तडा गेला. खाणवाला म्हणतो, बार लहानच होता. दोघेही तहसीलदारासमोर उभे राहतात आणि दोघांकडेही आकडा नसतो. हा आकडा एक विद्यार्थी काढू शकतो.

जमिनीचं कंपन मोजणारं यंत्र, सिस्मोग्राफ, घराच्या पायाशी ठेवायचं. ते जमिनीचे कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलले आणि कंपनाची वारंवारता किती हे सांगतं. डीजीएमएसचं, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, १९९७ चं परिपत्रक यासाठी आहे. खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील, तर ८ हर्ट्झच्या खालच्या कंपनाला मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५. कमी वारंवारतेला मर्यादा कडक आहे, कारण घराची स्वतःची थरथर कमी वारंवारतेचीच असते; दोन्ही जुळली की हेलकावा वाढतो. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली पांडवलेणी आणि गोदाकाठचे जुने वाडे ज्या शहरात आहेत, तिथल्या खाण विद्यार्थ्याला हे तीन आकडे पाठ हवेत.

मग प्रत्येक बाराची नोंद करायची: छिद्रं किती, किती खोल, एका डिलेला, म्हणजे क्षणाक्षणाच्या फरकाने उडणाऱ्या टप्प्यांपैकी एका टप्प्याला, जास्तीत जास्त किती किलो स्फोटक उडालं आणि घर किती लांब. एकूण स्फोटक किती यापेक्षा एका क्षणी किती उडालं याला महत्त्व आहे. अंतराला त्या किलोंच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर सारखं आलं की कंपनही साधारण सारखंच. ३६ किलो आणि ३०० मीटर, उत्तर ५०. ९ किलो आणि १५० मीटर, उत्तर पुन्हा ५०. म्हणजे वस्ती निम्म्या अंतरावर आली, तर कंपन तेवढंच ठेवायला एका डिलेचं स्फोटक चौथाईवर आणावं लागतं. हे गणित खाणवाल्याला दाखवा, त्याला लगेच कळतं.

या उत्तरावरून कंपन काढायच्या सूत्रातला तयार स्थिरांक मात्र पुस्तकातून उचलू नका. वर्धा खोऱ्यातल्या वालुकाश्मात काढलेला आकडा इथे लागू होत नाही. आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर आहेत. एक घट्ट, दुसरा पोकळ्यांनी भरलेला, मध्येच लाल मातीसारख्या बोलचा मऊ पट्टा. प्रत्येकातून कंपन वेगळं जातं. याच पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे ते देखणे स्फटिक तयार होतात, जे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात लोक लांबून बघायला येतात. संग्रहालयात स्फटिक बघाल तेव्हा तो खडक कंपन कसं नेत असेल याचाही विचार करा. दगडाच्या चाचण्यांचा विषय निघालाच आहे तर दिंडोरी रोडवर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे. कॉलेजमार्फत रीतसर पत्र देऊन विचारा, विचारायला संकोच करू नका.

आणखी एक गोष्ट मोजा, हवेचा दाब. खिडक्या खडखडतात आणि माणूस घाबरतो, तेव्हा बऱ्याचदा जमीन फारशी हललेली नसते. हवेतून आलेला धक्का असतो. दोन्ही वेगळे करून दाखवले तर निम्मं भांडण तिथेच निवळतं. स्फोटकाला मात्र हात लावायचा नाही, तो ब्लास्टरचा अधिकार. न उडालेल्या बाराच्या जवळपासही जायचं नाही.

मुलींच्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं: २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक आणि पर्यवेक्षणाच्या कामासाठी स्त्रियांना दिवसा भूमिगत खाणीत उतरायची परवानगी दिली. त्याआधी मुली शिकत होत्या, पण जमिनीखालचं काम त्यांना बंद होतं. दार उघडलंय, तेव्हा घरातून अडवू नका.

स्टायपेंड मिळतो, कुठे मिळत नाही. त्यावर ट्रेनिंग निवडू नका, एवढंच. खाणमालक बसले आहेत त्यांना विनंती, या मुलांना बाराचं रजिस्टर दाखवा. आणि मुलांनो, रिपोर्ट दोन करा. एक कॉलेजच्या नमुन्यात. दुसरा मराठीत, दोन पानांचा, मुकादमाला वाचता येईल असा: घर अमुक अंतरावर असेल तर एका डिलेला जास्तीत जास्त अमुक किलो. तो तक्ता साइट ऑफिसच्या भिंतीवर लागला पाहिजे.

वेळेचं गणितही सांभाळा. पाऊस लागला की छिद्रांत पाणी भरतं, अॅन्फो हे दाणेदार स्फोटक पाण्यात चालत नाही, पाण्यात टिकणारं इमल्शन वापरावं लागतं आणि आधीच्या नोंदींशी तुलना करता येत नाही. म्हणून सगळे बार मेअखेरपर्यंत मोजून झाले पाहिजेत. त्यासाठी खाणीला पत्र जानेवारीत द्या.