प्रिस्किल्लेच्या घरचा सलाम

श्रोतेहो, नमस्कार. स्त्रियांनी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बोलावे का, शिकवावे का, हा वाद निघाला की बायबलमधले दोन उतारे हमखास पुढे येतात. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये गप्प राहावे असे म्हटले आहे, आणि पौलाचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात स्त्रीला शिकवण्याची मोकळीक नाकारली आहे. हे उतारे डोळ्यांआड करता येत नाहीत. मात्र एका उताऱ्यामागे करिंथ आहे आणि दुसऱ्यामागे इफिस. ही दोन शहरे लक्षात ठेवा, कारण दोन्हींत प्रिस्किल्ला नावाची बाई वावरली होती.

क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा ती पती अक्विल्लासह करिंथास आली. दोघांचा धंदा राहुट्या करण्याचा. पौलाचाही तोच धंदा असल्यामुळे तो त्यांच्याच घरी राहून काम करू लागला. पुढे तिघेही इफिसास गेले आणि पौल तेथून निघाल्यावर यहूद्यांच्या सभास्थानात अपुल्लो उभा राहिला. आलेक्सांद्रियाचा हा पंडित शास्त्रात पारंगत होता, वक्ता तर असा की ऐकत राहावे. परंतु त्याला ठाऊक होता तो केवळ योहानाचा, म्हणजे पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला भरसभेत अडवले नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. एवढ्या मोठ्या पंडिताने राहुट्या शिवणाऱ्या जोडप्यापुढे बसून ऐकून घेतले, ही मला त्या प्रसंगातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. नंतर हाच अपुल्लो करिंथात गेला. ‘मी लावले, अपुल्लोने पाणी घातले,’ असे पौल त्या मंडळीला लिहितो. म्हणजे स्त्रियांनी गप्प राहावे असे ज्या मंडळीला सांगितले, तिला पाणी घालणारा माणूस एका स्त्रीकडून शिकून आला होता. शिवाय ते पत्र इफिसाहून गेले, आणि त्याच्या अखेरीस अक्विल्ला, प्रिस्किल्ला व त्यांच्या घरी जमणारी मंडळी यांचा सलाम आहे.

म्हणून पत्र सलग वाचावे. त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात स्त्रियांनी प्रार्थना करताना व देवाचा संदेश देताना मस्तक झाकावे असे सांगितले आहे, बोलायचेच नसते, तर त्या सूचनेला अर्थ उरत नाही. 14व्या अध्यायात गप्प राहण्यास केवळ स्त्रियांनाच सांगितलेले नाही: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे, आणि दुसऱ्याला काही प्रकट झाले तर पहिल्या संदेष्ट्यानेही गप्प राहावे. सारा रोख सभेतल्या सुव्यवस्थेवर आहे.

तीमथ्याचा उतारा अधिक कठीण आहे, कारण तेथे आदाम आधी घडवला गेला असे कारण दिले आहे आणि ही आज्ञा सर्वकाळासाठी आहे असे मानणाऱ्यांचा भर त्यावरच असतो. परंतु तीमथ्याला हे पत्र मिळाले तेव्हा त्याला इफिसातच राहण्यास सांगितलेले होते, आणि प्रिस्किल्लेने अपुल्लोला शिकवले तेही इफिसातच. ते खासगीत झाले, घरात झाले, असे यावर म्हटले जाते. त्या काळी मंडळी भरत होती ती घरांतच, आणि त्यांतले एक घर प्रिस्किल्लेचे होते.