प्लस-मायनस पंधरा: ऑडिओसाठी बांधलेला एक दमदार पॉवर सप्लाय

[स्कोपची स्क्रीन, अगदी जवळून]

स्कोपवरची, म्हणजे व्होल्टेजचं चित्र दाखवणाऱ्या यंत्रावरची, ही हिरवी रेघ बघा. ही 15 व्होल्टची लाइन आहे, म्हणजे खरं तर एकदम सपाट असायला पाहिजे. पण दर थोड्या अंतरावर तिला खाली खड्डा पडतोय, दिसला? असे सेकंदाला 100 खड्डे आहेत. आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची, ती ब्रिज रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडांमधून, गेली की सेकंदाला 100 फुगवटे तयार होतात, आणि सप्लायचा, म्हणजे त्यातून सपाट डीसी बनवणाऱ्या डब्याचा, दम कमी पडला की त्या फुगवट्यांमधल्या दऱ्या थेट स्पीकरपर्यंत पोचतात आणि सतत घुमणारा आवाज, म्हणजे हम, ऐकू येतो. आता हेच ऐका.

[फक्त हम. निवेदन नाही.]

[खोली, कपाटं, तबकड्या]

पुण्यातली ही खोली. कपाटात उभ्या लावलेल्या सगळ्या लाखेच्या तबकड्या आहेत, 78 आरपीएमच्या, बहुतेक नाट्यसंगीत आणि ख्याल, बालगंधर्व आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत. हा सप्लाय बांधणारे काका या तबकड्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतायत. पिकअपमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघणारा सिग्नल किती असतो, तर साधारण 5 मिलिव्होल्ट. एवढासा सिग्नल हजार हर्ट्झला शंभरपट वाढवावा लागतो, आणि तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात म्हणून वाजवताना प्रीअँप, म्हणजे हा सिग्नल वाढवणारा पहिला अँप्लिफायर, ते परत उचलतो. 1954 पासून जी आरआयएए कर्व्ह, म्हणजे कुठला सूर किती दाबायचा आणि किती उचलायचा याचं प्रमाण, ठरली त्यात 50 हर्ट्झला ही उचल 17 डेसिबलची आहे, म्हणजे आणखी सातपट. त्याआधीच्या 78 च्या तबकड्यांना प्रत्येक कंपनीची कर्व्ह वेगळी, पण खालचे सूर उचलायचे हे बऱ्याच जणींच्या बाबतीत आहेच. म्हणजे नेमकं जिथे विजेचा हम राहतो तिथेच प्रीअँपचा कान सगळ्यात तिखट. त्यात 1925 च्या आधीच्या तबकड्या भोंग्यात गाऊन कापलेल्या, त्यांच्यात खालच्या पट्टीतलं फारसं काही नाहीच, त्यामुळे हम झाकायलाही काही नाही, तो एकटाच उघडा ऐकू येतो.

लोक म्हणतात सॉफ्टवेअरने काढून टाका. काढता येतो, पण 100, 200, 300 असे सगळे सूर खरवडून काढले की त्याच्याबरोबर गायकाच्या आवाजाचा आणि डग्ग्याचाही तुकडा जातो, आणि तो परत येत नाही. हम आत शिरूच द्यायचा नाही, हा एकच रस्ता बरोबर आहे असं आमचं ठाम मत आहे.

[जुना सप्लाय, झाकण उघडलेला]

हा जुना सप्लाय. 15-0-15 चा, म्हणजे मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना 15 व्होल्ट देणारा, 500 मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, 1000 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, आणि व्होल्टेज प्लस आणि मायनस 15 वर स्थिर ठेवणारे रेग्युलेटर चिप, 7815 आणि 7915. एकट्या प्रीअँपसाठी हा ठीक होता, प्रीअँप खातो फार तर 50 मिलिअँपिअर. पण मग त्याच्यावरच हेडफोन अँप लागला, छोटा मिक्सर लागला, करंट गेला 400 च्या वर आणि तिथून हम सुरू झाला.

हिशोब सोपा आहे. लोड जेवढे अँपिअर खातो त्याला 100 ने आणि कपॅसिटरच्या फॅरडने भागायचं, तेवढे व्होल्ट रिपल, म्हणजे कपॅसिटरवरचा चढउतार. 400 मिलिअँपिअर आणि 1000 मायक्रोफॅरड, उत्तर येतं 4 व्होल्ट. आता 15 व्होल्टच्या वाइंडिंगमधून कपॅसिटरवर जेमतेम 20 व्होल्ट जमतात, त्यातून 4 गेले, उरले 16, आणि 7815 ला नीट चालायला 17 तरी लागतात. म्हणजे प्रत्येक फुगवट्याच्या शेवटी रेग्युलेटर हात टेकतो आणि दरी तशीच पुढे सोडून देतो. सुरुवातीला जे खड्डे बघितले ते हेच.

कपॅसिटरचं काम गच्चीवरच्या टाकीसारखं आहे, पाणी ठरावीक वेळेलाच येतं पण नळ दिवसभर चालू राहिला पाहिजे. टाकी छोटी आणि माणसं वाढली की काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे.

आणि एक गोष्ट ऑडिओवाले विसरतात म्हणून इथे सांगतोच. अँप्लिफायर स्वतः वीज तयार करत नाही, तो फक्त सप्लायमधली वीज सिग्नलच्या हिशोबाने सोडतो, आपण जो आवाज ऐकतो तो सगळा त्या डब्यातूनच आलेला असतो. पण भारी केबलला पैसे असतात, नव्या पिकअपला असतात, आणि सप्लाय मात्र जो बरोबर आला तोच वर्षानुवर्षं चालतो.

[बुधवार पेठ, गर्दी, दुकानांच्या पाट्या]

बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या आसपासचा भाग. पुण्यात ज्याने कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलंय त्याला ही गल्ली पाठ असते. 10,000 मायक्रोफॅरड 50 व्होल्टचे कपॅसिटर, ब्रिज, चिप थंड ठेवणारा हीटसिंक, वीज अडवणारा मायका, सगळं इथेच. 35 व्होल्टचे घेतले असते तरी गणितात बसतात, पण रात्री लाइन, म्हणजे घरात येणारी वीज, चढते तेव्हा काठावर राहायला नको म्हणून 50 चे.

[वाइंडिंगचं दुकान, गोल कोअर फिरतोय]

आणि हा या सगळ्या फिल्ममधला आमचा सगळ्यात आवडता भाग. ट्रान्सफॉर्मर तयार विकत मिळतो, पण काकांनी तो गुंडाळून घेतला. ही जी राखाडी पट्टी घट्ट गुंडाळलेली दिसतेय तो सीआरजीओचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरसाठीच्या खास पोलादाचा, कोअर, टोरॉइड म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचा, याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी सांडतं आणि पिकअपजवळ तेच महत्त्वाचं. आता हात बघा कारागिराचा. तार त्या रिंगवर आधी भरून घेतली, मग रिंग कोअरच्या भोकातून फिरतेय आणि तार उतरत जातेय, शेजारी शेजारी, एकावर एक चढू न देता. मध्ये मध्ये पिवळी पॉलिस्टरची टेप.

कारागीर विचारतोय, "काका, तुमच्याकडे रात्री व्होल्टेज किती चढतं?" काका म्हणतात, "अरे, अडीचशेपर्यंत बघितलंय मी." मग तो प्राइमरीला, म्हणजे लाइनच्या बाजूच्या गुंडाळीला, थोडे टर्न्स जास्त धरतो आणि त्याच हिशोबाने सेकंडरीला, म्हणजे आउटपुटच्या बाजूच्या गुंडाळीलाही, त्यामुळे कोअर चुंबकत्वाने भरून जात नाही आणि मध्यरात्री ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणायला लागत नाही. डेटाशीट उघडून बसलेला माणूस हा प्रश्न विचारेलच असं नाही, याने पहिला तोच विचारला.

प्राइमरी झाली की तिच्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळतात, ती अर्थला जोडायची, म्हणजे लाइनमधला कचरा सेकंडरीत उडी मारत नाही. पण पट्टीची दोन टोकं एकमेकांना टेकू द्यायची नाहीत, मध्ये कागद घालायचा, टेकली तर तोच एक शॉर्ट झालेला टर्न होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जातो. मग सेकंडरी, 18-0-18, 100 व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर अशी मोजलेली ट्रान्सफॉर्मरची ताकद.

18 का, तर परत तोच हिशोब. लाइन 10 टक्के पडली, 207 व्होल्टवर आली, तरी कपॅसिटरवर रिपल वजा जाता 20 च्या पुढे उरतात, आणि आपल्याला लागतात 18. 15 चं वाइंडिंग ठेवलं असतं तर 17 उरले असते, म्हणजे संध्याकाळी शेजारचे पंप चालू झाले की हम हजर. आणि 100 व्हीए का, तर दोन्ही बाजूंना एकेक अँपिअर घेतला की कपॅसिटरवरच्या 24 व्होल्टच्या हिशोबाने डीसी भरते 48 वॉट, पण कपॅसिटर करंट सलग ओढत नाही, झटक्याझटक्याने ओढतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरला त्याच्या दीडपटीहून जास्त मोठं ठेवावं लागतं.

[टेबल, सोल्डरिंग, हात]

ब्रिजच्या आधी सेकंडरीवर 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याबरोबर एक रेझिस्टर, डायोड बंद होताना जी बारीक किणकिण होते ती याच्यात जिरते. मग ब्रिज, मग मोठे कपॅसिटर, आणि दोघांवर 2.2 किलोओहमचा एकेक रेझिस्टर, सप्लाय बंद केला की टाकी रिकामी व्हायला. तरी बंद केल्यावर दोन मिनिटं थांबायचं, मीटर लावून बघायचं, मगच आत हात घालायचा.

पुढे एलएम317 आणि एलएम337, प्लस आणि मायनस बाजूचे रेग्युलेटर. 317 हा 1970 च्या दशकातला चिप, नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिन यांनी केलेला, आजही तितकाच उपयोगी. व्होल्टेज ठरवणारे दोन रेझिस्टर, 220 ओहम आणि 2.4 किलोओहम, आउटपुट बरोबर 15 व्होल्ट. अ‍ॅडजस्ट पिनवर हा जो छोटा 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतायत, काही रुपयांचा, त्याने रिपल दाबायची ताकद 65 डेसिबलवरून 80 वर जाते. 1 व्होल्ट रिपल आत गेली तर बाहेर 0.1 मिलिव्होल्ट. त्यालाच एक डायोड लावायचा, म्हणजे आउटपुट शॉर्ट झालं तर हा कपॅसिटर चिपमधून रिकामा होऊन चिप जाळत नाही. यापेक्षा कमी नॉइजचे नवे रेग्युलेटर आता मिळतात, लावायचे तर लावा, पण आधी ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंग नीट करा, ते चुकलं तर कुठलाच चिप वाचवत नाही.

दोघांच्या पिना एकसारख्या नाहीत. 317 चा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो आणि 337 चा इनपुटला, त्यामुळे दोघांखाली मायका आणि स्क्रूला बुश लागतंच. हीटसिंक मोठा, कारण कपॅसिटरवर 24, बाहेर 15, मधले 9 व्होल्ट, एका अँपिअरला 9 वॉट उष्णता प्रत्येक चिपमधून. अशा, म्हणजे लिनिअर, सप्लायची ही किंमत आहे, वीज वाया जाते, आणि ती आम्हाला मान्य आहे. एसएमपीएस, म्हणजे मोबाइल चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय, वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही, चांगले एसएमपीएस स्टुडिओतही चालतात, पण स्वस्त अडॅप्टरच्या आतून एक छोटा कपॅसिटर लाइनकडून आउटपुटकडे थोडा करंट गळू देतो आणि कॉम्प्युटर जोडला की तोच घरघर बनून रेकॉर्डिंगमध्ये बसतो.

[ग्राउंडच्या काळ्या वायरी, एका बोल्टवर]

इथे व्हिडिओ थोडा हळू केलाय कारण बहुतेक घरचे सप्लाय इथेच फसतात. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आधी दोन मोठ्या कपॅसिटरच्या जोडावर जातो, तिथे करंटचे मोठमोठे झटके धावतात. आउटपुटचं ग्राउंड त्या वायरीवरून घ्यायचंच नाही. त्या जोडापासून एक वेगळी वायर पुढे काढायची, रेग्युलेटरच्या जवळ एक बिंदू करायचा आणि सगळी ग्राउंड तिथून. वायर तीच, जोडायची जागा दोन इंच इकडे की तिकडे, आणि तेवढ्याने घरघर येते किंवा जाते.

टोरॉइडचा मधला बोल्ट बघा, तो खाली डब्याला कसलाय पण वर झाकणाला टेकत नाहीये, टेकला तर डबा आणि बोल्ट मिळून पुन्हा एक शॉर्ट टर्न. आणि डब्याला अर्थ, हिरवी वायर, खरवडलेल्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून. हम घालवायला थ्री पिनमधली अर्थची पिन काढून टाकणारे लोक आहेत, मंडपात आहेत, घरात आहेत. कृपा करून हे करू नका. अर्थ गेली आणि आत कुठे फेज डब्याला टेकली तर माईकला हात लावणाऱ्याचा जीव जातो.

[सिरीज बोर्ड, बल्ब]

पहिल्यांदा चालू करताना थेट लाइनवर नाही. आपल्याकडच्या प्रत्येक रिपेअरवाल्याकडे असतो तो सिरीज बोर्ड, मध्ये 100 वॉटचा साधा बल्ब. स्विच दाबला, बल्ब क्षणभर पेटला, कपॅसिटर भरले, बल्ब विझत गेला. म्हणजे शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला असता तर बंद करून शोधत बसायचं. मग प्लस 15.02, मायनस 14.97, मीटरवर दिसतंय. त्यानंतर 1 अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाकून थेट लाइनवर.

सप्लायचा डबा टर्नटेबलपासून लांब, खालच्या कप्प्यात, मधे शील्ड केलेली केबल. कनेक्टर मुद्दाम पाच पिनांचा, म्हणजे चुकून कुणी माईकची केबल त्यात घालणार नाही.

[स्कोप, नवी रेघ. मग तबकडी, सुई. निवेदन नाही, गाणं चालू द्यावं.]

हम गेला, मिक्सर आणि हेडफोन अँप दोन्ही चालू असताना गेला, आणि तबकड्या उतरवायचं काम परत सुरू झालंय.

तुम्ही बांधणार असाल तर लाइनच्या बाजूचं वायरिंग पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करा. आणि जवळ एखादा वाइंडर असेल तर तयार ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी त्याच्याकडे जाऊन या, ही दुकानं काम मिळालं तरच चालू राहणार आहेत. पूर्ण सर्किट सगळ्या व्हॅल्यूंसकट आता स्क्रीनवर येतंय, पॉज करून उतरवून घ्या.