चिमणीतून निघणारा गंधक

श्रोतेहो, नमस्कार. काडेपेटीची काडी ओढली की क्षणभर नाकाला झोंबतो, तो वास सल्फर डायऑक्साइडचा. तासगावकडचे शेतकरी बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तीही याच वायूची.

हवेत हा वायू मुख्यतः दगडी कोळशातून येतो. आपल्या कोळशात राख भरपूर असली तरी गंधक कमी, साधारण अर्धा टक्काच असतो आणि त्यामुळे चिंतेचे कारण नाही, असे वारंवार सांगितले जाते. मला हे पटत नाही. जळताना गंधक आपल्या वजनाइतकाच ऑक्सिजन घेतो; म्हणजे १,००० टन कोळशातल्या ५ टन गंधकाचा १० टन वायू होतो आणि मोठे औष्णिक वीजकेंद्र दररोज असा कित्येक हजार टन कोळसा जाळते. तांबे-जस्ताच्या भट्ट्या, तेलशुद्धीकरण कारखाने, जहाजांचे जड इंधन आणि अधूनमधून जागे होणारे ज्वालामुखी यांची भर वेगळीच. वाहनांच्या डिझेलमधला गंधक मात्र एप्रिल २०२० पासून दहा लाख भागांत १० भागांवर आला, ही खरोखर मोठी कामगिरी आहे.

चिमणी उंच बांधली की वायू जवळच्या गावावरून पुढे निघून जातो, पण वाटेत काही दिवसांत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसात खोलवर शिरतात. म्हणूनच वायूची नोंद मर्यादेत दिसली, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तो चिमणीतच अडवावा लागतो.

चिकूच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डहाणूत हे घडले आहे. तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्राने अशी यंत्रणा बसवावी, असा आग्रह न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने धरला आणि २००७ मध्ये ती सुरू झाली. तिच्यात धूर समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात. किंचित अल्कधर्मी असलेले ते खारे पाणी वायू शोषून घेते आणि त्यात हवा मिसळली की वायूचे सल्फेट होते, जे समुद्रात मुळातच विपुल असते.

केंद्र सरकारने देशभरातील औष्णिक केंद्रांसाठी या वायूची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरवली. पुढे तिची मुदत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. हा निर्णय मला मनापासून चुकीचा वाटतो, कारण डहाणूत हेच काम ती मर्यादा ठरण्याच्या आठ वर्षे आधी झाले होते.