खेकडा, आजी आणि कूर्चा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर छापलंय, ‘कूर्चेच्या आनुवंशिक आजारांवरील संशोधन : आज आणि उद्या’. हे वाचूनही आपण आलात, म्हणजे एकतर घरात कुणाला त्रास आहे किंवा बाहेर पाऊस आहे. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांशी असणारा मऊ, लवचीक थर. संशोधनाकडे येतोच. आधी खेकडा.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सागर तालुका आहे. तिथलं हंदिगोडू हे गाव. १९७०च्या दशकाच्या मध्याला तिथली राबती माणसं खुबे आणि गुडघे धरून बसायला लागली. काहींना काठीशिवाय चालता येईना, काही पोरांची उंची खुंटली. रुग्ण प्रामुख्याने चनंगी आणि चलवादी या दलित समाजांतले, भातशेतीवर मजुरी करणारे. त्या काळात भातावर पॅराथिऑन, एंड्रिन अशी जहाल औषधं फवारली जायची आणि मजूर त्याच खाचरांतले खेकडे खायचे. झालं! गुन्हेगार सापडला. कीटकनाशकांविरुद्धच्या लिखाणात हा खेकडा अजूनही मला भेटतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहणी करून आजाराला नाव दिलं, ‘मलनाडचा कौटुंबिक संधिवात’. कौटुंबिक! इशारा नावातच होता. पुढे वंशावळी आणि एक्स-रे शेजारी शेजारी मांडले गेले, तेव्हा चित्र स्पष्ट झालं : आईबापांपैकी एकाकडून सदोष जनुक आला तरी पुरतो, आणि दर मुलामागे निम्मी शक्यता. हाडांच्या टोकांची आणि मणक्यांची घडणच बिघडलेली. कीटकनाशकं काही साधीसुधी नव्हेत, त्यांची वकिली मी करत नाही. पण आपण रुग्णाला ‘काय खाल्लं?’ विचारतो आणि ‘घरात अजून कुणाला?’ हे विचारायचं राहून जातं. माझं सगळं भांडण एवढंच आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. आमच्या ओपीडीत दक्षिण महाराष्ट्रातली एक मुलगी आली. बोटांचे सांधे जाड, चाल बदकासारखी, आणि सोबत पिशवीभर फायली. कित्येक वर्षं लहान मुलांचा संधिवात म्हणून मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड ही दाह दाबणारी औषधं चालू. प्रत्येक फायलीत दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, ईएसआर नॉर्मल, सीआरपी नॉर्मल. मग पुढच्या पानावर काय? डोस वाढवलेला! रिपोर्ट ऐकत नाही म्हटल्यावर रिपोर्टलाच औषध द्यायचं, अशी ही आमची पद्धत. (डॉक्टर मंडळी हसत नाहीयेत, याची नोंद घ्या.)

निदान केलं तिच्या आजीनं. म्हणाली, “डाक्टर, सांधं सुजल्यात म्हंत्यात, पर हाताला कधी ऊन लागलं न्हाईत.” बरोब्बर! खऱ्या दाहात सांधा गरम लागतो, सकाळी आखडतो. इथे सूज नव्हतीच, हाडांची टोकंच रुंद झालेली. हाताचा आणि मणक्याचा एक्स-रे काढला : मणके चपटे. मग आईबापांचं नातं विचारलं. मामेबहीण. थोरल्या भावाचीही बोटं तशीच, पण ‘तो खेळताना पडतो’ म्हणून त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. बरं, मामाची मुलगी करण्यात काही पाप नाही, इथेही निम्म्या सभागृहात सापडेल. प्रश्न एवढाच, की दोघांकडे एकच बिघडलेला जनुक असला, तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता. या आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह स्यूडोरुमेटॉइड डिस्प्लेजिया, म्हणजे संधिवाताचं सोंग घेणारा कूर्चेचा आजार. त्याचा जनुक १९९९ मध्ये सापडला, आज त्याला सीसीएन-६ म्हणतात. भारतीय कुटुंबांवर हैदराबाद आणि मणिपालच्या संशोधकांनी मोलाचं काम केलंय. त्या मुलीची स्टेरॉइडं थांबवली. गेलेली उंची काही परत...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, संशोधन.

मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची वाढीची पट्टी असते. तिथे पेशी भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात, मग त्यांच्या जागी हाड येतं. कुठला जनुक बिघडला त्यावर आजार ठरतो. सर्वांत परिचित ॲकोन्ड्रोप्लेजिया, हातपाय आखूड राहून उंची खुंटते तो. त्याचा जनुक, एफजीएफआर-३, १९९४ मध्ये सापडला. त्याचं काम वाढ आवरण्याचं. बदल झाला की तो आवरत्याच पवित्र्यात अडकून बसतो. सुमारे ८० टक्के मुलं सामान्य उंचीच्या आईबापांची, म्हणजे बदल नव्यानेच घडलेला, आणि तिथे बापाचं वय वाढलेलं असण्याचा संबंध आहे. सासूबाई, सुनेला बोलू नका. व्होसोरिटाइड हे औषध त्या जनुकाच्या संदेशाला खीळ घालतं. रोज इंजेक्शन. १२१ मुलांच्या चाचणीत वर्षाला सरासरी दीड सेंटीमीटर जास्त वाढ झाली, २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. वाढीची पट्टी मिटली की उपयोग नाही.

श्मिड प्रकारच्या, वाढीच्या पट्टीच्याच आणखी एका आनुवंशिक आजारात कोलाजेन हे कूर्चेचं प्रथिन बिघडून पेशीत तुंबतं. तिथे फिटवरचं जुनं कार्बामाझेपिन उंदरांत उपयोगी दिसलं, म्हणून मुलांवर चाचणी हाती घेतली गेली. आणि आपल्या सीसीएन-६ चं दुखणं असं, की उंदरातून तो जनुक काढून टाकला तरी उंदीर ठणठणीत! औषध तपासायचं कुणावर? म्हणून आता रुग्णांच्या पेशींकडे वळावं लागतंय. तोवर फिजिओथेरपी, वेळेवर खुबा बदलणं आणि पुढच्या बाळंतपणाआधी जनुक तपासणी व समुपदेशन, एवढंच हातात आहे.

थांबतो. कित्येकांनी एक्स-रेच्या पिशव्या आणल्यात, दिसतायत मला. चहाच्या वेळी भेटू. येताना घरातल्या वडीलधाऱ्यांनाही घेऊन या, वंशावळ त्यांनाच पाठ असते.