व्हॉल्व्हचा रेडिओ, प्लग लावायच्या आधी

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर आजोबांचा रेडिओ असणार, मर्फी म्हणा, फिलिप्स म्हणा, बुश म्हणा, आणि मला भेटणारा जवळपास प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो की व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या त्या काचेच्या नळ्या, कुठं मिळतात हो. माझं म्हणणं असंय की व्हॉल्व्ह बहुतेक वेळा गेलेलेच नसतात. काचेच्या आत चकचकीत चंदेरी डाग दिसतोय ना, तो तसाच असेल तर आत हवा शिरलेली नाही, पांढरा पडला असेल तर मात्र तो व्हॉल्व्ह संपला समजा.

मरतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे नि डीसी अडवणारे छोटे पार्ट. आपल्याकडचा पाऊस बघा, बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला तर चार महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत, तिथं मेणात बुडवलेल्या कागदाचा कंडेन्सर पन्नास-साठ वर्षं काय टिकणार. ओल शिरते, कंडेन्सर लीक होतो, आणि स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत येतो त्या टोकावर, जिथं शून्याच्या आसपास व्होल्टेज पाहिजे तिथं पॉझिटिव्ह व्होल्टेज येऊन बसतं, मग व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो, तापतो, आणि जाताना त्याच्या नि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. तीस-चाळीस वर्षं बंद असलेला सेट कौतुकानं थेट प्लगला लावला की नेमकं हे होतं, म्हणून हात जोडून सांगतो, लावू नका. आधी त्या ग्रिडला आवाज पोचवणारा तो एक कंडेन्सर बदला, 630 व्होल्टचा पॉलिएस्टर घाला, किंमत अगदी किरकोळ असते.

मग सिरीज बल्ब, म्हणजे लाईटच्या एका वायरीत मधेच जोडलेला बल्ब. साधा पिवळा 60 वॅटचा, एलईडी चालणार नाही. आत शॉर्ट असला तर बल्ब फुल पेटून राहतो आणि सेट वाचतो.

आता जिवाची गोष्ट, ही नीट ऐका. आपल्याकडं बरेच सेट एसी-डीसी होते, कारण तेव्हा काही गावांत डीसी लाईट होती. त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, लाईटची एक वायर सरळ चॅसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला. दोन पिनचा प्लग उलटा बसला की अख्ख्या चॅसिसवर फेज, आणि नॉब निघालेला असेल तर त्याच्या दांडीवरसुद्धा. सेटला लाईटच्या लाइनपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असल्याशिवाय असला सेट उघडून चालू करायचा नाही. सेट बंद केल्यावरही मोठे कंडेन्सर डिस्चार्ज केल्याशिवाय हात आत घालायचा नाही.

हे सेट ओळखायचे कसे, तर व्हॉल्व्हचं नाव वाचा. पहिलं अक्षर यू म्हणजे फिलामेंट, आतली तापणारी तार, 100 मिलीअँपियरचं, सगळे एका माळेत, तो एसी-डीसी सेट. ई असेल तर 6.3 व्होल्टचं. यू माळेचं उदाहरण घ्या, यूसीएच81 ला 19 व्होल्ट, यूबीएफ89 ला 19, यूसीएल82 ला 50, यूवाय85 ला 38, बेरीज 126, आणि 230 मधले उरलेले 104 व्होल्ट जाड रेझिस्टन्सवर पडतात, गणित केलं तर साधारण हजार ओहम. एक फिलामेंट तुटलं की सगळेच विझतात आणि माणूस म्हणतो सगळे व्हॉल्व्ह गेले. अहो नाही, मीटर घ्या, प्रत्येकाची चार आणि पाच नंबरची पिन तपासा, एकच तुटलेला सापडेल.

परवा एक पोरगं आलेलं शहापूरहून, म्हणालं, काका, नुसतंच हम करूलालंय. मी म्हटलं कान दे आधी. हम 50 सायकलचा, जाड, की 100 चा, जरा बारीक? एसीची अर्धीच लाट वापरणाऱ्या हाफ वेव्ह सेटात फिल्टर कंडेन्सर, म्हणजे डीसी गुळगुळीत करणारा, वाळला की 50 चा येतो, दोन्ही अर्ध्या लाटा वापरणारा फुल वेव्ह असेल तर 100 चा. कान तयार झाला की निम्मं काम मीटर न लावता होतं.

आणि सेटच्या आतलं डोकं कसं चालतं ते धारवाडवरून सांगतो. धारवाड आकाशवाणी 1950 पासूनची, मल्लिकार्जुन मन्सूर तिथं संगीत सल्लागार होते, आणि आपली मराठी घरं सकाळी धारवाड लावायची नि 1963 नंतर सांगली पण. धारवाड 765 किलोहर्ट्झवर. तुम्ही काटा तिथं नेता तेव्हा सेटमधला ऑसिलेटर, म्हणजे सेट स्वतःच लहरी तयार करतो तो भाग, 1220 वर जातो, दोन्हींतला फरक 455. सांगली 1251 वर, ऑसिलेटर 1706, फरक परत 455. स्टेशन कुठलंही असो, पुढं जातं ते 455 च, म्हणून पुढच्या कॉइल एकदाच नीट ट्यून केलेल्या पुरतात. सुपरहेट म्हणतात ते हेच, अमेरिकन इंजिनिअर आर्मस्ट्राँगनं 1918 मध्ये काढलेलं, आणि मला आजही याचं नवल वाटतं.

म्हणूनच त्या आयएफच्या, म्हणजे 455 वर ट्यून केलेल्या कॉइलच्या, डब्यांत स्क्रूड्रायव्हर घालू नका. आवाज बारीक आला की लोक पहिलं तेच फिरवतात. ते कंपनीत बसवून मेणानं बंद केलेलं असतं, ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारं सिग्नल जनरेटर नसेल तर हात लावायचा नाही.

राहता राहिलं ब्लूटूथचं. आतलं सगळं काढून पेटीत ब्लूटूथ बसवणारे वाढलेत, मला मनापासून वाईट वाटतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर मोटर वाइंडिंगवाल्याकडं न्या, किती वेढे नि कुठली तार ते मोजून लिहून दिलं की तो गुंडाळून देतो. आणि नवे कंडेन्सर जुन्याच्या जागीच बसवा, जमलं तर जुन्याच पुठ्ठ्याच्या नळीत घालून, म्हणजे उद्या दुसरं कुणी उघडलं तर त्याला मूळ वायरिंग वाचता येईल. बोला, तिकडं हात वर आहे कुणाचा तरी.