माकड मेलं, बातमी पान पाचवर

नमस्कार मंडळी. आज वेंगुर्ल्यात बसलोय, हातात जिल्हा आवृत्तीचा पेपर. (पेपर कॅमेऱ्यासमोर धरून) पहिलं पान सोडा. तालुक्याचं पान उघडा, त्यातही खालचा कोपरा. नव्या रोगाची पहिली चाहूल बहुतेक वेळा इथेच असते, चार ओळींत.

समजा, तिथे छापलंय की अमुक गावात माकड मृतावस्थेत आढळलं. आपल्याकडे वाचणारा म्हणणार, बरं झालं, नारळ तरी वाचले! पण माकडतापाची बातमी इथूनच सुरू होते. विषाणू असतो गोचिडीत. ती चावली की माकड मरतं आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, पसरतात. मग ऐन काजूच्या हंगामात बिया वेचायला गेलेल्या माणसाला त्या चावतात. तीन ते आठ दिवसांत एकदम ताप भरतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त. माणसाकडून माणसाला मात्र तो होत नाही.

आता पेपरात काय होतं? माकडाची बातमी येते वनपालाकडून, तापाची आरोग्य केंद्राकडून. दोन्ही छापल्या जातात, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. वार्ताहर आळशी असतो असं नाही हं. तालुक्याला एकटाच, बातमीही त्यानेच आणायची, जाहिरातही त्यानेच.

त्याहून मोठी अडचण आवृत्तीची. हा रोग 1957 साली कर्नाटकात, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत साथ आली, 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या केर गावात. नकाशावर बोट ठेवा: सत्तरी आणि दोडामार्ग शेजारी शेजारी. दोडामार्गची पोरं रोज गोव्याला कामाला जातात, ताप वाढला की पेशंट गोव्यातच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेतात. पण सत्तरीची बातमी गोवा आवृत्तीत, आपली सिंधुदुर्ग आवृत्तीत. गोचिडीला कुठला आलाय गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका? बातमीला मात्र आहे.

आणि एक शब्द नीट वाचा, ‘संशयित’. म्हणजे रक्ताचा नमुना तपासायला गेलाय, उत्तर यायचंय. निगेटिव्ह नव्हे. त्याच्याच खाली ठरलेलं वाक्य असतं, घाबरू नका, प्रशासन सज्ज आहे. त्या जागेत ‘पातेऱ्यात बसू नका, बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडेही गरम पाण्यात टाका’ एवढं सहज मावलं असतं.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. वन खातं आणि आरोग्य केंद्र, दोघांनाही कळवा. वार्ताहराला फोन केलात तर वाडीचं नाव आवर्जून छापायला सांगा. पेपरात नुसतं गाव येतं, आणि सकाळी काजूच्या बागेत जाणाऱ्या बाईला गाव नको असतं, वाडी हवी असते.