दुधातलं कॅल्शियम आणि बाकीचं दूध

मंडळी, हाडांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कॅल्शियमची गोळी चालू आहे ना?’ दुधाकडेही आपण तसंच पाहतो, जणू ते पातळ केलेलं कॅल्शियमच. आज मला दुधातल्या बाकीच्या घटकांबद्दल बोलायचंय, कारण म्हातारपणी त्यांचाच विसर पडतो.

गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्यातलं दोन तृतीयांश केसीन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांमध्ये फॉस्फेटसोबत धरून ठेवलेलं असतं. कॅल्शियम फॉस्फेट एरवी पाण्यात फारसं विरघळत नाही, तळाशी बसतं. केसीनमुळे ते दुधात तरंगत राहतं आणि पोटात पोचल्यावर आम्लात मोकळं होतं. दुधातलं साधारण तीस टक्के कॅल्शियम शरीर शोषून घेतं. पालकातही कॅल्शियम भरपूर, पण त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य त्याला जखडून ठेवतं, त्यामुळे जेमतेम पाच टक्केच हाती लागतं.

आम्लाचा हा परिणाम घरीही दिसतो. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगलं की खाली पिवळसर-हिरवट पाणी गळतं. दही आंबट झालेलं असल्यामुळे कॅल्शियम केसीन सोडून पाण्यात उतरलेलं असतं, आणि चक्क्यातून निथळून जातं. ते पाणी मोरीत ओतू नका. कणीक त्यात भिजवा, आमटीत घाला. साय काढल्यानं मात्र कॅल्शियम कमी होत नाही, ते सायीत फारसं नसतं.

लॅक्टोफेरिन या दुसऱ्या प्रथिनाबद्दल हल्ली बरंच छापून येतं. प्रयोगशाळेत ते हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतं, हे खरं आहे. पण नेहमीच्या दुधात ते अगदी थोडं असतं, चिकात बरंच जास्त. शिवाय आपण दूध उकळतो, त्यात ते बरंचसं बिघडतं. काचेच्या बशीतल्या पेशींवरून आपल्या मांडीच्या हाडाबद्दल काही ठरवणं मला पटत नाही.

मग माणसांवरचा पुरावा काय सांगतो? २०१४ साली स्वीडनमधून एक मोठी पाहणी आली. एकसष्ट हजारांवर स्त्रिया होत्या, आणि दिवसाला तीन किंवा जास्त ग्लास दूध पिणाऱ्यांमध्ये अस्थिभंग जास्त आढळले. संशोधकांनी बोट दाखवलं ते लॅक्टोज या दुधातल्या साखरेतून मिळणाऱ्या गॅलॅक्टोज या साध्या साखरेकडे. दही, चीजसारखे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र अस्थिभंग कमी होते. पण ही निरीक्षणं होती, प्रयोग नव्हता. हाडं आधीच ठिसूळ आहेत म्हणून कुणी जास्त दूध पीत असेल, तर दोष दुधाच्या माथी मारला जातो.

माझा भर आहे तो ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगावर. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या साठ वृद्धनिवासांत सात हजारांवर रहिवासी होते, सरासरी वय शहाऐंशी. निम्म्या निवासांत दोन वर्षं रोजच्या जेवणात दूध, दही, चीज वाढवलं. तिथे कॅल्शियम दिवसाला ११४२ मिलिग्रॅम झालं, बाकीच्या निवासांत ते ७०० होतं, आणि प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे १.१ ग्रॅम झाली. अस्थिभंग ३३ टक्क्यांनी घटले, खुब्याचे ४६ टक्क्यांनी. पडण्याचं प्रमाणही ११ टक्क्यांनी कमी झालं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. खुब्याचं हाड मोडतं ते बहुधा पडल्यामुळे, आणि तोल सावरणाऱ्या स्नायूंना प्रथिनं लागतात. निव्वळ कॅल्शियमच्या गोळीत ती नसतात.

आता आपल्या घरातल्या आजीचं ताट आठवा. सकाळी चहात दोन चमचे दूध, दुपारी वरण-भात, रात्री मऊ खिचडी. दुधाचा पेला नातवाच्या हातात आणि दही ‘कफ होतो’ म्हणून बंद. हे बदलायला हवं, आणि मी कळकळीनं सांगते, ते तिच्या हट्टावर सोडू नका. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल, तर दही द्या. विरजणात लॅक्टोज कमी होतं. नाचणीचं आंबील ताकातलं करा, दोन्हीकडून कॅल्शियम मिळतं.

‘ड’ जीवनसत्त्व मात्र गाईच्या दुधात निसर्गतः नगण्यच असतं. ऑस्ट्रेलियातल्या त्या रहिवाशांना ते आधीपासून पुरेसं मिळत होतं. ते कमी असेल तर कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही, तेव्हा रक्त तपासून घ्या. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.